रुसूबाई स्ट्रीमर: बंद करून चालू केला की आवाज का जातो

"काल रात्री छान वाजत होता. आज लावला तर आवाजच नाही. मधे काहीच केलं नाही, फक्त बंद करून चालू केला."

रास्पबेरी पाय (यापुढे नुसता 'पाय') किंवा तसल्याच एखाद्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावर ज्याने म्हणून म्युझिक स्ट्रीमर, म्हणजे नेटवर्कवरची गाणी आणि इंटरनेट रेडिओ वाजवणारी डबी, जमवला आहे, त्याने हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं असतं. मी ते इतक्या वेळा म्हटलं, की घरच्यांनी त्या डबीचं नाव रुसूबाई ठेवलं. दर वेळी माझा संशय एसडी कार्डावर. तीनदा सगळं पुसून नव्याने टाकलं, तीनदा प्लेलिस्ट पुन्हा बनवल्या. चौथ्यांदा कळलं, की कार्डाचा बिचाऱ्याचा काही दोषच नव्हता.

वरच्या वाक्यातला घोटाळा 'फक्त' या शब्दात आहे. पंखा फक्त बंद करता येतो. स्ट्रीमर दिसायला डबी असली, तरी आत अख्खं लिनक्स चालू असतं, आणि पाय ४ पर्यंतच्या बोर्डांना साधं बंद-चालूचं बटणसुद्धा दिलेलं नाही. त्यामुळे सकाळी चालू होत नाही म्हणून सकाळच्या बाजूने शोधत बसण्यापेक्षा, रात्री तो कसा बंद झाला होता तिथून सुरुवात करा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त उत्तरं तिथेच असतात.

आधी दिवे बघा

झाकण उघडा आणि दिव्यांकडे बघा. पाय ३ आणि ४ वर लाल दिवा म्हणजे वीज पोचते आहे, हिरवा म्हणजे कार्डावर वाचन-लेखन चालू आहे. चालू केल्यावर हिरवा दिवा वेडावाकडा, कसाही लुकलुकत राहिला तर बोर्ड सुरू होतो आहे. मग अडचण पुढची आहे, डॅकची (डिजिटल गाण्यातून ऐकू येणारा आवाज काढणाऱ्या भागाची) किंवा नेटवर्कची. लाल लागला आणि हिरवा एकदाही हलला नाही, तर कार्ड वाचलंच जात नाही. हिरवा ठरावीक ठेक्यात लुकलुकत असेल तर चक्क मोजा: चार वेळा म्हणजे सुरुवातीची फर्मवेअर फाइल सापडत नाही, सात वेळा म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, सापडत नाही. दोन्ही फाइली कार्डावरच्या बूट विभागात असतात, म्हणजे तो विभाग बिघडला आहे. पाय ५ वर दोन्हींचं काम एकच दिवा करतो: हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बोर्ड बंद पण वीज आहे.

एवढं बघितलं की निम्मं काम झालं. कारण 'चालू होत नाही' या एकाच तक्रारीच्या पोटात तीन वेगळ्या तक्रारी असतात: बोर्ड उठत नाही, बोर्ड उठतो पण डॅक दिसत नाही, आणि डॅक दिसतो पण गाणी किंवा रेडिओ सापडत नाही. एकीचा इलाज दुसरीला लागू पडत नाही.

बंद म्हणजे नक्की काय

मेनूतून 'शटडाउन' दिलं की चालू प्रोग्राम थांबतात, मेमरीत साठलेलं कार्डावर उतरतं, फाइल सिस्टिम मिटली जाते आणि प्रोसेसर थांबतो. लाल दिवा मात्र तसाच राहतो. पिनांवर ५ व्होल्टही तसेच राहतात, त्यामुळे वर बसवलेल्या डॅकच्या बोर्डाचा दिवासुद्धा लागलेला दिसतो. इथे बरेच जण गोंधळतात. "शटडाउन दिलं तरी बंद होत नाही" असं म्हणतात आणि दोन सेकंदांत प्लग ओढतात. लाल दिव्याकडे बघूच नका. हिरवा शेवटचा लुकलुकून पूर्ण गप्प झाला की मग प्लग काढा. मी गप्प झाल्यावर मनातल्या मनात पाच आकडे मोजतो.

आणि सरळ प्लगच ओढला तर? खरं सांगायचं तर बहुतेक वेळा काहीही होत नाही, आणि म्हणूनच ती सवय लागते. कार्डावरच्या मुख्य विभागाची एक्स्ट४ फाइल सिस्टिम आपल्या नोंदवहीवरून स्वतःला सावरून घेते. पण बूट विभाग फॅट पद्धतीचा असतो, त्याला अशी नोंदवहीच नसते. शिवाय एसडी कार्डाच्या आत स्वतःचा एक छोटा कंट्रोलर असतो, जो झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून डेटा आतल्या आत हलवत असतो. त्याच क्षणी वीज गेली, तर तुम्ही ज्याला हातही लावला नव्हता अशा फाइलचं नुकसान होऊ शकतं. "मी तर काही सेव्ह करत नव्हतो" हा बचाव म्हणून चालत नाही. तुम्ही करत नसाल, पण लॉग, गाण्यांचा डेटाबेस, आवाजाची पातळी, शेवटचं गाणं कुठे थांबलं होतं, हे सगळं सिस्टिम स्वतःहून लिहीत असते.

आधीच्या वेळी नीट बंद झाला होता की नाही, हे ओळखता येतं. चालू झाल्यावर कर्नलचा लॉग उघडा. एक्स्ट४ च्या नावापुढे 'रिकव्हरी कम्प्लीट' अशी ओळ दिसली, तर मागच्या वेळी वीज अचानक गेली होती. मेनूतूनच बंद करत असूनही ही ओळ दर वेळी दिसत असेल, तर शटडाउन पुरा व्हायच्या आत कुणीतरी वीज तोडतं आहे. आमच्याकडे ते 'कुणीतरी' म्हणजे एकाच पट्टीला लावलेला टीव्ही बंद करणारी मंडळी निघाली.

कार्ड खरंच मरायला टेकलं आहे का, हे बघायची एक साधी चाचणी सांगतो. एखादी रिकामी फाइल बनवा आणि एखादी बिनकामाची फाइल पुसा. नीट शटडाउन करा, पुन्हा चालू करा. बनवलेली गायब आणि पुसलेली परत हजर, असं झालं तर कार्ड आतून 'फक्त वाचा' अवस्थेत गेलं आहे. ते वर वर 'हो, लिहिलं' म्हणतं आणि प्रत्यक्षात काही लिहीत नाही. वीज गेली की सेटिंग दर वेळी जुन्यावर जातं, या तक्रारीमागे कधी कधी हेच असतं. अशा कार्डावर पुन्हा ओएसची इमेज टाकण्यात वेळ घालवू नका, ते बदला.

प्लग ओढणं टाळताच येत नसेल, तर दोन रस्ते आहेत. पायकोअरप्लेअर (स्ट्रीमरसाठीच बनवलेली एक छोटी ओएस) सुरू होताना सगळं मेमरीत घेतो आणि तिथूनच चालतो. सेटिंग साठवण्याचा क्षण सोडला, तर त्याचा प्लग ओढला तरी कार्डाला फारशी इजा नाही. दुसरा रस्ता रास्पबेरी पायच्या नेहमीच्या ओएसमधला: रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या मेनूत ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करायची. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळं मेमरीत होतं आणि बंद केलं की विरतं. फक्त हे चालू केलं आहे याची एक चिठ्ठी डबीवर चिकटवून ठेवा. नाहीतर दोन महिन्यांनी नवा रेडिओ जोडाल, दुसऱ्या दिवशी तो गायब असेल आणि तुम्ही पुन्हा कार्डाला शिव्या घालाल.

बंद केला, पण बंद झालाच नाही

आता रुसूबाईची खरी गोष्ट. लक्षण असं: रात्री व्यवस्थित शटडाउन, मग भिंतीवरचं बटण बंद. सकाळी बटण चालू केलं की लाल दिवा लागतो, हिरवा ढिम्म. बटण दहादा बंद-चालू केलं तरी तेच. मग वैतागून सगळ्या वायरी काढायच्या, पुन्हा जोडायच्या, आणि पठ्ठा सुरू! साहजिकच वाटायचं, कुठेतरी सैल जोड आहे.

एका रात्री अंधारात पाणी प्यायला उठलो, तेव्हा डबीच्या फटीतून लाल उजेड दिसला. अगदी मंद, उदबत्तीच्या टोकाएवढा. भिंतीवरचं बटण बंद होतं. मीटर आणून बोर्डाच्या दोन आणि सहा नंबरच्या पिनांवर टेकवला, म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंड. अ‍ॅडॉप्टर बंद असताना तिथे पावणेतीन व्होल्ट! वीज येत होती यूएसबी हबमधून. हार्ड डिस्कसाठी मी स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब लावला होता, आणि तो दुसऱ्या प्लगवर सतत चालू असायचा. हबने खरं तर वीज फक्त खाली डिस्ककडे द्यायला हवी. हा महाशय ती उलट बोर्डाकडेही ढकलत होता.

पावणेतीन व्होल्टांवर बोर्ड चालत नाही, पण पूर्ण मरतही नाही. आतल्या चिपा अर्धवट झोपेत राहतात, आणि खरी वीज आली की त्यांना आपण नव्याने सुरू व्हायचं आहे हे कळतच नाही. एसडी कार्डाचंही तसंच आहे: त्याने पहिल्यापासून सुरुवात करायची तर त्याचा पुरवठा अर्ध्या व्होल्टाच्याही खाली उतरावा लागतो. सगळ्या वायरी काढल्यावर सुरू व्हायचा तो सैल जोडामुळे नव्हे. तेव्हा पहिल्यांदा तो खरोखर बंद व्हायचा.

तपासणी सोपी आहे. बोर्डाचा अ‍ॅडॉप्टर काढा, बाकी सगळं जोडलेलं ठेवा आणि खोलीत अंधार करा. बोर्डावरचा एखादा दिवा जरी मिणमिणला, तरी वीज मागच्या दाराने येते आहे. हब, स्वतःच्या विजेवर चालणारा डॅक, एचडीएमआय केबलीने जोडलेला टीव्ही, एकेक केबल काढत जा, चोर लगेच सापडतो. मी हब आणि बोर्ड एकाच पट्टीवर घेतले आणि शटडाउन झाल्यावर दोघांची वीज एकदमच काढू लागलो. त्यानंतर ही तक्रार आलेली नाही. आधी हब बदलायला निघालो होतो, बरं झालं थांबलो.

असा हब नसला तरी घाई नडतेच. बंद करून लगेच चालू केलं तर कपॅसिटरमधला भार पुरता उतरलेला नसतो. दहा सेकंद थांबा. काही इतर बोर्डांवर तर वेगळंच होतं: रीबूट केलं की कार्ड १.८ व्होल्टच्या वेगवान पद्धतीतच अडकून राहतं आणि बोर्ड त्याच्याशी ३.३ व्होल्टांत बोलायला जातो. संवाद होत नाही. रीबूटने अडकतो पण प्लग काढून लावला की उठतो, असं असेल तर कारण बहुधा हेच.

तासन्‌तास वाजतो, सुरू होतानाच मरतो

अ‍ॅडॉप्टरवर संशय घेतला की लोक म्हणतात, "एकदा चालू झाला की आठ तास वाजतो, मग अ‍ॅडॉप्टर कसा खराब?" गाणी वाजवायला या बोर्डाला फारच थोडी ताकद लागते. खरी भूक सुरू होताना असते: प्रोसेसर पूर्ण वेगात, वायफाय जागं होतंय, यूएसबी डिस्क फिरायला लागतेय, आणि हे सगळं त्याच पंधरा-वीस सेकंदांत. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय त्याची नोंद ठेवतो. व्हीसीजेनसीएमडी या कमांडला थ्रॉटलिंगची (वेग आवरता घेण्याची) स्थिती विचारा. उत्तरात शेवटी नुसता शून्य आला तर ठीक. पाचावर चार शून्यं आली, तर आत्ता सगळं सुरळीत आहे, पण चालू झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडली होती. ही नोंद बंद केल्यावर पुसली जाते, म्हणून चालू केल्या केल्याच बघा.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर हवा. ३ अँपिअरवरही तो सुरू होतो, पण मग यूएसबीला सगळे मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो, आणि त्यावर चालणारा एखादा खादाड डॅक कधी दिसतो, कधी नाही. अ‍ॅडॉप्टर चांगला असला तरी फोनची बारीक, लांब केबल वाटेतच व्होल्ट खाते. मी आधी केबल बदलून बघतो, मग अ‍ॅडॉप्टर.

बोर्ड उठला, डॅक नाही

यूएसबी डॅक असेल तर पहिला प्रश्न: स्ट्रीमर सुरू होताना डॅक चालू होता का? एमपीडीसारखा प्लेअर सेटिंगमध्ये दिलेलं साउंड कार्ड शोधतो. ते नाव न देता नुसत्या नंबराने दिलं असेल तर गंमत होते. एचडीएमआय, हेडफोन जॅक आणि डॅक यांना नंबर सापडतील त्या क्रमाने मिळतात. आज डॅक १ नंबरवर असेल, तर उद्या डॅक उशिरा जागा झाल्यामुळे त्या जागी दुसरंच कोणी बसेल. प्लेअर इमानदारीत वाजवत राहतो, पडद्यावर सेकंद पुढे सरकतात, आणि आवाज जातो एचडीएमआयच्या रिकाम्या भोकात. उपाय दोन, आणि मी दोन्ही करतो: सेटिंगमध्ये कार्ड नंबराऐवजी नावाने द्यायचं, आणि बोर्डावरचा स्वतःचा ऑडिओ व एचडीएमआयचा ऑडिओ कॉन्फिग फाइलमधून बंदच करून टाकायचा. ही फाइल आधी बूट फोल्डरमध्ये असायची. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ती त्यातल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे. जुन्या जागी बदल करून "काहीच फरक पडत नाही" म्हणणारे बरेच भेटतात.

पिनांवर बसणारा हॅट प्रकारचा डॅक असेल तर तो असा उशिरा येत नाही. तो दिसत नसेल तर ओव्हरलेचं (कॉन्फिग फाइलमधली, जोडलेल्या भागाची ओळख करून देणारी ओळ; मघाच्या ओव्हरले फाइल सिस्टिमशी हिचा संबंध नाही) नाव चुकलं आहे, हॅट पिनांवर नीट बसलेला नाही, किंवा तुम्ही हौसेने लावलेलं बटण त्याच्या वाटेत आलं आहे. तिकडेच येतो.

बटण लावताना

पाच आणि सहा नंबरच्या पिनांमध्ये एक साधं पुशबटण लावा, कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउन हा ओव्हरले घाला, झालं. दाबलं की नीट बंद, पुन्हा दाबलं की चालू. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो खराही आहे. पाच नंबरची पिन म्हणजे प्रोसेसरच्या भाषेत जीपीआयओ ३, आणि झोपलेल्या पायला उठवण्याची सोय फक्त तिच्यातच आहे.

अडचण अशी, की हीच पिन आयटूसी बसची, म्हणजे चिपांनी एकमेकींशी बोलायच्या दोन तारांच्या जोडणीची, घड्याळ-तारसुद्धा आहे. पीसीएम५१२२ चिप असलेले डॅक-हॅट आवाज कमी-जास्त करायला आयटूसी वापरतात. बटण दाबलं की ती तारच ग्राउंडला टेकते. पीसीएम५१०२ए चिपवाल्या साध्या डॅकना आयटूसीची गरज नसते, त्यांना एकच बटण खुशाल चालतं. इतरांनी दोन बटणं लावावीत: बंद करायला जीपीआयओ १७, म्हणजे अकरा नंबरची पिन, शेजारी नऊवर ग्राउंड आहेच. उठवायला वेगळं बटण पाच नंबरवर, आणि ते चालू असताना दाबायचं नाही. ओव्हरलेमध्ये पिन नंबर १७ द्यायला विसरू नका. जीपीआयओ १८, १९ आणि २१ ला हात लावू नका, डॅककडे जाणारा आवाज तिथूनच वाहतो. हा ओव्हरले सिस्टमडीवर (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामवर) चालणाऱ्या ओएसमध्येच असा आपोआप काम करतो, पायकोअरप्लेअरला वेगळी सोय करावी लागते.

बोर्डावर 'रन' लिहिलेली दोन भोकं दिसतात, तिथे बटण लावूनही झोपलेला बोर्ड उठतो. पण चालू असताना ते दाबणं आणि प्लग ओढणं यात काही फरक नाही. घरात लहान मूल असेल तर नकोच. पाय ५ ला बटण मुळातच आहे: एकदा दाबलं की नीट बंद, दाबून धरलं की जबरदस्तीने बंद.

वीज जाऊन आली की

पाय अर्ध्या मिनिटात उठतो, राउटर दोन-तीन मिनिटं घेतो, गाण्यांचा सर्व्हर त्याहून जास्त. स्ट्रीमर दार ठोठावतो, उघडत नाही, तो नाद सोडून देतो आणि लायब्ररी रिकामी दिसते. दहा मिनिटांनी नुसतं रीबूट केलं की सगळं परत येत असेल, तर हेच झालं आहे. नेटवर्कवरचा फोल्डर सुरू होतानाच न जोडता पहिल्यांदा लागेल तेव्हा जोडायचा, म्हणजे ऑटोमाउंट, हा माझ्या मते चांगला उपाय. सुरू होताना नेटवर्कची वाट बघायला लावण्याचा पर्यायही आहे, पण राउटरच रुसला तर स्ट्रीमरही लटकतो.

पाय ४ पर्यंत बोर्डावर घड्याळ नाही. बंद असताना काळ थांबतो, आणि चालू झाल्यावर बोर्ड शेवटची साठवलेली वेळ धरून चालतो. महिनाभर बंद ठेवलेला स्ट्रीमर लावला आणि फक्त काही इंटरनेट रेडिओ लागत नसतील, तर आधी तारीख बघा. मधल्या काळात नवं झालेलं सुरक्षा प्रमाणपत्र त्या जुन्या तारखेला 'अजून सुरू न झालेलं' वाटतं. वेळ जुळल्यावर प्लेअर एकदा पुन्हा सुरू केला की लागतात.

मुळात बंद करायचा का? पाय ४ नुसता बसून ३ वॅटच्या आसपास खातो, वर्षाला साधारण २६ युनिट. मी हल्ली तो चालूच ठेवतो आणि फक्त अ‍ॅम्प बंद करतो. बंद करायचाच झाला तर आधी अ‍ॅम्प, मग स्ट्रीमर. चालू करताना उलट: आधी स्ट्रीमर, हिरवा दिवा शांत होऊ द्यायचा, मग अ‍ॅम्प. नाहीतर डॅकला वीज मिळताना जो धक्का बसतो तो स्पीकरमधून 'धप्प' ऐकू येतो. माझ्याकडे क्रम पाळूनही गाव-शहर झोपल्यावर अ‍ॅम्प बंद करताना एक बारीक 'टक्' येतो. तो अ‍ॅम्पच्या रिलेचा की डॅकचा, यावर आमचा घरात अजून वाद चालू आहे.